एका टक्क्याने हरलेली गाडी

एका मुलीचे वर्तमानपत्रातले सदर माझ्या पत्रामुळे बंद पडले, ही गोष्ट खरी आहे. ते पत्र मी साडूंवरच्या मत्सरापोटी लिहिले, असे आमचे साडू कागलपासून पेठ वडगावपर्यंत सांगत असतात. ही गोष्ट अर्धी खरी आहे. पुढे वजनकाट्यावर काय घडले याची त्यांची हकीकत मात्र जवळजवळ सगळीच सजवलेली आहे. मी छत्तीस वर्षे तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवला. अर्धे उत्तर बरोबर असेल तर अर्धे गुण द्यावेत आणि उरलेल्या अर्ध्याखाली लाल रेघ ओढावी, ही माझी सवय. तीच रेघ इथे ओढतो आहे.

आम्ही दोघे एकाच घरचे जावई. मी थोरलीचा नवरा, ते धाकटीचे. ते बँकेत शाखाधिकारी होते. सासुरवाडी कागलची. तिथे दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला, की दोन्ही जावयांना बोलावणे येई. पुरण भरलेले धोंडे, तबकात तेहतीस अनारसे, त्यांवर पेटते निरांजन, आणि शेजारी शेजारी मांडलेल्या दोन पाटांवर आम्ही दोघे. दोन जावई असे जोडीने बसवले, की जमलेल्यांना तुलना करण्यावाचून दुसरे काम उरत नाही. कोण गोरा, कोण उंच, कोणाची नोकरी पक्की, कोणी किती धोंडे खाल्ले.

एका वर्षी मी सकाळी लवकर पोहोचलो आणि विहिरीवरचे बंद पडलेले इंजिन दुपारपर्यंत खपून सुरू करून दिले. साडू बारा वाजता आले. ओसरीवर बसून त्यांनी आलेल्या प्रत्येक पाहुण्याची चौकशी केली. कोणाच्या म्हशीची, कोणाच्या मुलाच्या लग्नाची. जेवणे झाल्यावर सासरे सुपारी कातरता कातरता सगळ्यांदेखत म्हणाले, "थोरल्या जावयाला यंत्रं कळत्यात. धाकट्याला माणसं कळत्यात."

सगळे हसले. आमच्या सौ. म्हणतात, त्यांनी दोघांचेही कौतुकच केले होते. आमच्या सौ. त्यांच्या कन्या आहेत, त्यांनी तसे म्हणणे योग्यच आहे. परंतु ज्याच्या हाताला अजून इंजिनाचे तेल आहे त्याला, कोणते वाक्य आधी आले आणि कोणत्या वाक्यावर मंडळींनी माना डोलावल्या, हे बरोबर कळते. पाणी त्या दिवशी मी काढून दिले होते. गुण दुसऱ्याला मिळाले. पुढे सासरे वारले, आणि तो निकाल तसाच कायम झाला. त्यावर अपील करायला जागा उरली नाही.

इलेक्ट्रिक गाडी आमच्या दोघांत आधी मी घेतली. सहा महिने अभ्यास केला. प्रत्येक कंपनीची माहितीपुस्तिका आणली, बॅटरीची क्षमता, गाडीचे वजन, चाकांचा आकार, चार्जिंगला लागणारा वेळ, असे तक्ते वहीत आखले. नोकरीत असताना आणि नंतरही, आमच्या पेठेत कोणी गाडी घेणार असला, की आधी माझ्या दारी येई. "सर, कुठली घिऊ?" या प्रश्नाचे उत्तर देणे हा माझा मान होता आणि मी तो कोणाकडून मागून घेतलेला नव्हता.

साडूसुद्धा आले. दोन तास बसले, वही पाहिली, दोनदा चहा घेतला. मी त्यांना स्पष्ट सांगितले, "माझ्यासारखीच घ्या." ते म्हणाले, "तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय काय?" आणि तीन आठवड्यांनी माझ्या गाडीच्या नेमक्या प्रतिस्पर्धी कंपनीची गाडी घेऊन, पेढ्यांचा पुडा हातात धरून, माझ्या दारात उभे राहिले. कारण विचारले. म्हणाले, "रंग आवडला हो हिला."

मी पेढा खाल्ला. गोड होता, हेही मान्य करतो.

त्यानंतर पेठेत एक बारीक बदल झाला, तो मला लगेच जाणवला. माणसे गाडीविषयी विचारायला माझ्याकडे येत, आणि जाता जाता म्हणत, "साडूंची बी बघून येतो." ते तिथे जात आणि परत येत नसत. साडू त्यांना गाडीत बसवून रंकाळ्याला एक फेरी मारून आणत. मी वही दाखवत असे.

येथे एका वस्तूचा उल्लेख केला पाहिजे. मी निवृत्त झालो तेव्हा शेवटच्या वर्गाच्या मुलांनी मला एक लोखंडी पेटी भेट दिली होती. पेटी त्यांनीच कार्यशाळेत बनवलेली, आणि आतली बरीच हत्यारेही त्यांनी हाताने घडवलेली. पाने, पुलर, छिन्न्या, घणाच्या तीन जाती. ती पेटी मी तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या डिकीत ठेवत आलो. कितीतरी लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या मी रस्त्यात त्या पेटीवर सुरू करून दिल्या आहेत. नवी गाडी आली, तेव्हा पेटी तिच्या डिकीत गेली. वरून मी गाडीच्या आतल्या रंगाचेच जाड कापड शिवून घेतले, कडा नीट खोचून बसवल्या. काम इतके सफाईचे झाले, की पेटी आहे हे मलाही दिसेनासे झाले.

आता त्या मुलीविषयी. आमच्याकडच्या एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत ती दोन गाड्यांची तुलना करणारे सदर लिहीत असे. वय पंचविशीच्या आतबाहेर. राहणार कसबा बावडा. एका शनिवारी डिझेलच्या दोन गाड्या, दुसऱ्या शनिवारी दोन स्कूटर. शेवटी पाच ताऱ्यांपैकी कोणाला किती, याचा तक्ता. तिला माझी आणि साडूंची, या दोन इलेक्ट्रिक गाड्या समोरासमोर लावायच्या होत्या. कंपन्या पुण्यामुंबईच्या पत्रकारांना गाड्या देतात, कोल्हापूरच्या मुलीला कोण देणार? म्हणून मालकांच्या गाड्या घ्यायच्या असे तिने ठरवले. तिला आमची नावे कोणी सांगितली, यावरही वाद आहे. साडू म्हणतात, त्यांनी सांगितली. मी म्हणतो, त्यांनीच सांगितली असणार, आणि हाच माझा आक्षेप आहे.

चाचणी एका रविवारी झाली. दोन्ही गाड्या रात्रभर चार्ज करून शंभर टक्के. रंकाळ्यावरून पन्हाळ्याला चढायचे, खाली यायचे, मग हमरस्त्याने कागलला जाऊन परत. माझी गाडी तिने चालवली, साडूंची गाडी तिच्या ओळखीच्या एका छायाचित्रकाराने, आणि परतीला दोघांनी गाड्या बदलल्या. मालकांनी आपापल्या गाडीत बसायचे नाही, असा तिचा नियम होता. नियम चांगला होता. म्हणून मी आणि साडू तिसऱ्या गाडीतून मागोमाग गेलो.

सकाळी मी तिला चहा दिला आणि माझी वही दिली. ती म्हणाली, "सर, ही चाचणी झाल्यावर वाचते. आधी वाचली तर माझं मत तयार होईल."

मला ते लागले. पण तेही बरोबरच होते.

चाचणी दुपारी संपली, आणि साडूंनी दोघांना घरी जेवायला नेले. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण, सगळे. मला बोलावले नव्हते असे नाही. बोलावले होते. मी गेलो नाही. परीक्षकाने परीक्षार्थीच्या घरी जेवू नये, असे माझे मत, आणि मी तिथे असतो तर ते मला जेवता जेवता बोलून दाखवावे लागले असते.

पुढच्या शनिवारी पुरवणी आली. मथळा होता, 'एका टक्क्याची बाजी'. दोन्ही गाड्या घरी आल्या तेव्हा माझ्या गाडीत चौसष्ट टक्के चार्ज शिल्लक होता, साडूंच्या गाडीत पासष्ट. पुढे लिहिले होते, की माझ्या गाडीत बॅटरीमुळे डिकीचा तळ उंच झाला आहे, सामानाला जागा अपुरी. आणि खराब रस्त्यावर मागच्या बाजूने खडखड ऐकू येते, जुळणीचा दर्जा थोडा कमी वाटतो. साडूंच्या गाडीला चार तारे. माझ्या गाडीला साडेतीन.

आठ वाजायच्या आत साडूंनी ते पान नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले. खाली टाळ्यांची तीन चित्रे. मेहुण्यांनी लिहिले, 'दाजींची गाडी भारी!' आमच्या घरात दाजी दोन आहेत. कोणते दाजी, हे लिहायची त्यांना गरज वाटली नाही.

सायंकाळी साडूंचा फोन आला. "काय साडूभाऊ, पेपर वाचला न्हाई काय?"

"वाचला."

"मनाला लावून घिऊ नका. एक टक्का म्हंजे काय, चुलीवरचं दूध ओतताना सांडतंय तेवढं."

हरणारा असे कधी म्हणत नाही. जिंकणाराच असे म्हणू शकतो, आणि त्यांना ते किती सहज जमते, हे ऐकत मी फोन कानाला धरून उभा होतो.

मग मी पत्र लिहिले. त्यातले बरेचसे मुद्दे आजही माझे आहेत आणि ते मी मागे घेतलेले नाहीत. गाडीच्या पडद्यावर टक्के पूर्णांकात दिसतात. चौसष्ट म्हणजे साडेचौसष्टच्या जवळचे चौसष्टही असू शकते. त्यावर बाजी कसली? टायरमधली हवा मोजली होती काय? एका दिवसाच्या फेरीत बसण्याची सोय कळते. पाच वर्षांनी बॅटरी किती उरते आणि सुटा भाग कोल्हापुरात किती दिवसांनी मिळतो, हे कळत नाही, आणि विकत घेणाऱ्याला खरे तर तेवढेच हवे असते. ज्या पानावर तुलना, त्याच्या मागच्याच पानावर दोहोंपैकी एका कंपनीची पानभर जाहिरात असेल, तर वाचकाने काय समजावे? आणि तारे कशाचे? रंगाला आणि ब्रेकला एकाच तागडीत कसे घालता? आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात जोड लावतात, तेव्हा जुनी माणसे दोन्ही पैलवानांना जवळून बघतात, वजन बघतात, तयारी बघतात, आणि मगच हात मिळवून देतात. तेवढी दृष्टी गाड्यांची जोड लावणाऱ्याला हवी.

इथेच थांबलो असतो तर पत्र चांगले झाले असते. पण मी आणखी दोन वाक्ये लिहिली. एक असे, की ज्या लेखिकेला या गाडीची बॅटरी आसनांखाली असते, डिकीखाली नसते, एवढेही ठाऊक नाही, तिने तुलना करू नये. दुसरे असे, की निकाल लागण्यापूर्वी परीक्षक एका मालकाच्या घरी भोजनास होते, याची नोंद संपादकांनी घ्यावी.

आमच्या सौ.नी ते वाचले. म्हणाल्या, "ही जेवणाची ओळ खोडा. पोरगी हाय ती."

"खोटे आहे काय त्यात?"

"खोटं न्हाई. पण तुम्ही ती बहिणीच्या नवऱ्यासाठी लिवलीय आणि बसणार पोरीला."

मी ती ओळ खोडली नाही. पत्र छापून आले, संपूर्ण. पेठेत दोन माणसांनी थांबवून अभिनंदन केले. त्या शनिवारी पुरवणीत सदर नव्हते. त्या जागी मधुमेहींसाठी लाडू कसे करावेत, ते होते. पुढच्या शनिवारीही सदर नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात साडू घरी आले. या वेळी पेढे नव्हते.

"पोरीचं सदर बंद केलंय," ते उभ्यानेच म्हणाले. "संपादक म्हणतोय, जेवणाचं छापून आलंय, आता खुलासा होईपर्यंत काय न्हाई. दुसरं काय काम बी न्हाई तिला तिथं. ओळीवर पैसे मिळायचे, तेवढंच."

"मग खुलासा करू द्या."

"काय करणार? जेवली न्हाई म्हणणार? जेवली की! मी वाढलंय."

"मग चाचणी पुन्हा करा," मी म्हणालो. "माझ्यासमोर. टायरमधली हवा मोजून, गाड्यांची वजने काट्यावर करून. निकाल तोच आला तर मी लिहून देईन, की मुलीचे बरोबर होते."

काट्याची कल्पना माझी होती. साडू ती स्वतःची म्हणून सांगतात. हे लाल रेघेखाली घ्यावे.

तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "काट्यावर? बघा हं." तेव्हा मला त्या 'बघा हं'चा अर्थ कळला नाही.

कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या रस्त्याला एक खाजगी वजनकाटा आहे. हंगाम संपत आला होता. उसाचे दोन ट्रॅक्टर पुढे होते, तेवढेच. मी, आमच्या सौ., साडू, आणि ती मुलगी. ती स्कूटरवरून आली होती. मला वाटले होते, ती रागावलेली असेल, किंवा रडवेली. ती तशी काहीच नव्हती. तिने वही काढली आणि म्हणाली, "सर, मी जेवले होते. ते चुकलंच माझं. पण त्यांच्या गाडीला मागच्या आसनाचा अर्धा तारा मी जेवून आल्यावर कापलाय."

साडू हसले. "व्हय की! मटण खाऊन बी कापला."

आधी साडूंची गाडी काट्यावर चढली, रिकामी. काटेवाला छोट्या खिडकीतून डोके बाहेर काढून ओरडत होता. "पावणं, मधोमध घ्या! आणि उतरा खाली, तुमचं वजन नको मला!" आकडा आला. नोंदणीपुस्तकात रिकाम्या गाडीचे जे वजन आहे, त्याच्याशी दहा किलोच्या फरकाने जुळला. काटा दहादहा किलोंनीच मोजतो, म्हणजे जुळला असेच म्हणायचे.

मग माझी गाडी चढली. मी उतरलो. काटेवाल्याने आकडा वाचला, आणि मी म्हणालो, "पुन्हा घ्या."

"काय पुन्हा? काटा काय मूड बघून सांगतोय व्हय?"

"पुन्हा घ्या म्हणतो ना."

गाडी खाली उतरवली, पुन्हा चढवली. आकडा तोच. पुस्तकातल्या वजनापेक्षा ऐंशी किलो जास्त.

काटेवाला डोके आणखी बाहेर काढून म्हणाला, "पावणं, डिकीत उसाची मोळी ऱ्हायली काय?"

डिकी मी उघडली. कापडाच्या कडा मी सोडवल्या. इथे साडूंची हकीकत अशी आहे, की माझे हात थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी आले. हात थरथरत नव्हते. मी कापड नीट घडी करून बाजूला ठेवले, आणि खाली पेटी होती. मुलीने डिकीत वाकून पाहिले. बॅटरीमुळे उंच झालेला तळ. तिने कापडावरून हात फिरवून तेच समजून घेतले होते, आणि मी तिला अडाणी ठरवले होते. तिने पेटीच्या कडीला हात लावून ती थोडी हलवली. आतून खडखड झाली.

तिने ते वहीत टिपले. आमच्या सौ. बोलल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

वाचणाऱ्याला प्रश्न पडेल, की डिकीविषयी वाचले, आवाजाविषयी वाचले, तेव्हाच याला कसे कळले नाही? मलाही तोच प्रश्न पडला, आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. एकेकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिच्या इंजिनात काय बिघडले आहे, ते मी वर्गात बसून सांगत असे. परंतु पेटी पंधरा वर्षे इंजिनाच्या आवाजाखाली वाजत होती, आणि माझ्या कानाला ती गाडीच वाटत होती. इंजिन गेले, गाडी मुकी झाली, मागे पेटी एकटी वाजत राहिली, तरी मला गाडीच चालते आहे असे वाटले. तो आवाज नसता तर मी घाबरून गाडी बाजूला घेतली असती. आणि या गाडीत त्यांतले एकही हत्यार कधी लागणार नव्हते. चाकाचा पाना कंपनीने वेगळा दिला आहे.

पेटी खाली उतरवायला साडू आणि काटेवाला पुढे झाले. मी म्हणालो, "राहू द्या." तरी त्यांनी उतरवली. गाडी पुन्हा काट्यावर घेतली. आकडा पुस्तकाशी जुळला.

तेव्हा मी साडूंकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. मला तेवढी माणसे कळतात.

"तुम्हांला माहीत होते," मी म्हणालो.

"हुतं." ते म्हणाले. "चाचणीच्या दिवशी घाटात माझ्याकडची काच खाली हुती, मागनं ऐकलं की. तुमच्या जुन्या गाडीत बसून कागलला किती येळा गेलतो आपण. पेटीचा आवाज मला वळखू येतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हांला? पेटी काढा म्हटलं असतं, तर तुम्ही गाडीच काढून घेतली असती. आणि..." ते हसले. "आणि जिंकावं असं मला बी वाटलं. सारखं यंत्रातलं तुम्हांलाच कळायचं का?"

चाळीसएक वर्षे मी त्यांच्यावर जळत आलो, ते माझ्यावर जळत असतील असे मला कधी वाटले नव्हते. याचे मला समाधान झाले, हे मी लपवत नाही. परंतु त्यात एक काटा राहिलाच. हे त्यांनी असे सरळ, सगळ्यांदेखत, हसत सांगितले, आणि मुलगीसुद्धा त्यांच्याकडे कौतुकाने पाहू लागली. चूक कबूल करण्यातही ते माझ्या आधी पोहोचले.

मी मुलीजवळ गेलो. साडू सांगतात, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला नाही. मी तिला म्हणालो, "तुम्ही डिकीचे कापड उचलून पाहायला हवे होते."

ती म्हणाली, "हो सर. इथून पुढे उचलेन." मग वही मिटून म्हणाली, "इथून पुढे असलं तर."

घरी येऊन मी दुसरे पत्र लिहायला बसलो. साडूंनी फोनवर सुचवले, की थोडे गोड लिहा, मी मजकूर सांगतो. मी म्हणालो, मजकूर मला येतो. पहिल्या खर्ड्यात मी पुन्हा टायरच्या हवेपासून सुरुवात केली, ती आमच्या सौ.नी वाचून परत दिली. दुसऱ्या खर्ड्यात साडूंना सर्व ठाऊक होते, हे पहिल्याच ओळीत आले. तोही परत आला. त्या म्हणाल्या, "पोरीचं सदर कुठल्या ओळीत हाय?"

शेवटी जे पाठवले ते असे. माझ्या गाडीच्या डिकीत माझी स्वतःची ऐंशी किलोंची हत्यारांची पेटी कापडाखाली होती, ती मी सांगितली नव्हती. डिकीविषयी व आवाजाविषयी लेखिकेने जे लिहिले ते तिने पाहिले व ऐकले तसेच होते. भोजनाविषयी मी जे लिहिले त्यामागे गाड्यांखेरीज दुसरे कारण होते; त्याचा लेखिकेशी संबंध नव्हता. तिचे सदर माझ्यामुळे थांबू नये.

'दुसरे कारण' काय, ते मी लिहिले नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळले. मेहुण्यांनी ते पत्रही व्हॉट्सअॅपवर टाकले. टाळ्यांची चित्रे नव्हती, फक्त एक नमस्कार होता.

दोन शनिवारांनंतर सदर पुन्हा सुरू झाले. तिने पहिल्या परिच्छेदातच चाचणीचे नियम लिहिले होते. टायरची हवा मोजली जाईल, डिकी रिकामी करून पाहिली जाईल, निकाल छापून येईपर्यंत कोणाकडेही जेवण घेतले जाणार नाही. तिन्ही नियम माझ्या पत्रांतून आले आहेत. तसे तिने लिहिले नाही. लिहायला हवे होते.

त्यानंतर एकदा तिचा फोन आला. "सर, पेटी काढून तीच चाचणी पुन्हा घेऊ या का? त्यांची गाडी द्यायला ते तयार आहेत. लोकांना आवडेल."

ऐंशी किलो म्हणजे त्या रस्त्याला जेमतेम एक टक्का. हिशेब मी त्याच दिवशी करून ठेवला होता. पेटी नसती, तर माझी गाडी बरोबरीत आली असती, कदाचित पुढेही असती. आणि कदाचित नसती.

"चाचणी घ्यायची तर पेटीसकट घ्या," मी म्हणालो. "मालक जशी गाडी चालवतो तशीच तपासावी. रिकामी गाडी रस्त्यावर कोण चालवतो?"

हा मुद्दा चुकीचा नाही. समीक्षा लिहिणाऱ्या सगळ्यांनी त्याचा विचार करावा, असे मला आजही वाटते. परंतु नकाराचे खरे कारण ते नव्हते, आणि दुसऱ्यांच्या हकीकतींवर लाल रेघा ओढल्यावर स्वतःची कोरी ठेवणे शोभत नाही. पेटी डिकीत आहे तोवर मी एका टक्क्याने का हरलो, हे मला सांगता येते. ती काढून हरलो असतो, तर काय सांगितले असते?

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात मेहुण्यांनी वडिलांची रीत सोडली नाही. आम्ही दोन्ही जावई कागलला निघालो, दोन गाड्यांतून. साडू पुढे होते. हमरस्त्यावर काम चालू आहे, तिथून वळणाच्या कच्च्या रस्त्याला लागलो, तशी मागून खडखड सुरू झाली. समोर साडूंची गाडी आवाज न करता चालली होती.

"अहो, वाजतंय," सौ. म्हणाल्या.

"वाजू द्या," मी म्हणालो, आणि अंतर थोडे कमी केले.